न सांगितलेले लक्षण : ओझू यांचा 'टोकियो स्टोरी'

जपानी चित्रपट म्हटला की आपल्याकडे प्रथम अकिरा कुरोसावा यांचे नाव निघते. वैद्यकीय व्यवसायातील रसिकांना तर त्यांचा १९५२ सालचा 'इकिरू' विशेष जवळचा वाटतो. त्याची सुरुवातच मुळी जठराच्या क्ष-किरण चित्राने होते. पुढे रुग्णाला कर्करोग झाला आहे हे ठाऊक असूनही डॉक्टर त्याला साधा व्रण असल्याचे सांगून वाटेला लावतात. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या चर्चेत हा प्रसंग हमखास दाखवला जातो, आणि ते योग्यच आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९५३ रोजी, जपानमध्ये दुसरा एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातही डॉक्टर आहे, आजारपण आहे आणि मृत्यू आहे. मात्र त्यात कोणी खोटे बोलत नाही, कोणी कुणाला फसवत नाही, आवाज चढवून कोणी भांडतसुद्धा नाही. यासुजिरो ओझू दिग्दर्शित 'टोकियो मोनोगातारी', म्हणजे 'टोकियोची गोष्ट', हा तो चित्रपट. जगभर तो 'टोकियो स्टोरी' या नावाने ओळखला जातो. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत त्याला पहिले स्थान मिळाले होते. २०२२ च्या समीक्षकांच्या कौलातही तो चौथा होता. असे कौल मी फारसे मनावर घेत नाही. पण ज्या चित्रपटात 'काहीच घडत नाही' अशी तक्रार पहिल्यांदा पाहणारा हटकून करतो, त्याला हे स्थान का मिळावे, याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या व्यवसायबंधूंनी तो पाहावा असे मला का वाटते, याचे कारण मात्र त्या कौलांत नाही. ते चित्रपटाच्या शेवटाकडे येणाऱ्या, जेमतेम मिनिटभराच्या एका संवादात आहे. त्याकडे मी यथाक्रम येतो.

कथानक चार ओळींत सांगता येईल. हिरोशिमा प्रांतात, सेतो या अंतर्गत समुद्राच्या काठी ओनोमिची नावाचे गाव आहे. तेथे शुकिची हिरायामा आणि त्यांची पत्नी तोमी हे वृद्ध जोडपे राहते. शिक्षिका असलेली धाकटी मुलगी क्योको त्यांच्याजवळ आहे. थोरला मुलगा कोइची टोकियोच्या बाहेरच्या वस्तीत डॉक्टर आहे, राहत्या घरातच त्याचा दवाखाना आहे. मुलगी शिगे टोकियोतच केशभूषेचे दुकान चालवते. तिसरा मुलगा केइझो ओसाकाला रेल्वेत नोकरीला आहे. मधला शोजी युद्धावरून परतलाच नाही; त्याला आठ वर्षे झाली. त्याची विधवा पत्नी नोरिको टोकियोत एका खोलीत एकटी राहते आणि कचेरीत काम करते. म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात, मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, ती परत येतात आणि तोमी मरण पावते. एवढीच गोष्ट.

आता यातील डॉक्टर पाहा. आई-वडील आले आहेत म्हणून रविवारी त्यांना शहर दाखवायला न्यायचे ठरले आहे. नातवंडे नवे कपडे घालून तयार आहेत. इतक्यात एका आजारी मुलाचा बाप दारात येतो. मुलाची प्रकृती बिघडली आहे. कोइची बॅग उचलतो आणि निघतो. पत्नी म्हणते, मी घेऊन जाते सर्वांना; पण घर आणि दवाखाना उघडा टाकून तिलाही जाता येत नाही. बेत रद्द होतो. थोरला नातू थयथयाट करतो, आजी धाकट्याला घेऊन जवळच्या बांधावर फिरायला जाते. आपल्यापैकी किती जणांच्या घरी हा प्रसंग शब्दशः घडला असेल! माझ्या घरी घडला आहे, आणि तोही एकदा नव्हे. ओझू यांनी कोइचीला येथे दोषी ठरवलेले नाही. आजारी मुलाला सोडून तो सहलीला गेला असता तर आपणच त्याला नावे ठेवली असती. तरीही आई-वडिलांचा तो दिवस गेला तो गेलाच.

बांधावरचे दृश्य फार छोटे आहे. गवतात खेळणाऱ्या नातवाला आजी विचारते, मोठा झाल्यावर तू कोण होणार, वडिलांसारखा डॉक्टर? मूल उत्तर देत नाही, त्याचे लक्षच नसते. मग ती स्वतःशीच बोलते की तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे. वर खिडकीतून आजोबा पाहत असतात. तोमीच्या मृत्यूची चाहूल चित्रपटात प्रथम लागते ती येथे. ना पार्श्वसंगीत उंचावते, ना चेहऱ्याचे समीपदृश्य येते. बाई गवतात उभी आहे आणि मूल खेळते आहे, इतकेच आपण पाहतो.

पुढे आई-वडिलांची रवानगी शिगेकडे होते. ती कामात आहे, वरवर कठोर आहे. नवऱ्याने सासू-सासऱ्यांसाठी महागाची मिठाई आणली म्हणून ती त्याला बोलते. दुकानातील एका गिऱ्हाइकाने ही मंडळी कोण असे विचारल्यावर, गावाकडची ओळखीची माणसे आहेत असे ती सांगून टाकते. हे वाक्य ऐकताना प्रेक्षागृहात सुस्कारे उमटतात. अखेर भाऊ-बहीण मिळून तोडगा काढतात : वर्गणी काढून दोघांना आतामी येथे, समुद्रकाठच्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी पाठवायचे. आई-वडिलांना आराम आणि आपल्याला सवड. हेतू वाईट नाही. पण ती खाणावळ तरुण पर्यटकांची आहे. रात्रभर गाणी, आरडाओरडा, माहजोंगच्या सोंगट्यांचा खडखडाट. दोघांचा डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी ती दोघे समुद्राच्या धक्क्यावर जाऊन बसतात. घरी जाऊ या, असे ठरते. उठताना तोमीचा तोल जातो. ती क्षणभर हाताने आधार घेते, सावरते, झोप झाली नाही म्हणून असेल असे म्हणते आणि चालू लागते.

आपल्यातील कोणीही हे दृश्य पाहताना खुर्चीत सावरून बसेल. अडुसष्ट वर्षांची, अंगाने स्थूल बाई; बसल्या जागेवरून उठताना आलेली भोवळ. ही भोवळ कशाची, हे पडद्यावरून सांगता येणार नाही हे मान्य. स्थितीबदलाने रक्तदाब क्षणभर उतरणे, रात्रीचे जागरण, अनोळखी जागी झालेली दगदग, काहीही असू शकेल. परंतु कोणीतरी तिच्या दंडाला पट्टा बांधून पाहायला हवे होते, असे वाटल्याखेरीज राहत नाही. आणि तिचा मुलगा तर डॉक्टर आहे.

आतामीहून ती दोघे अपेक्षेपेक्षा लवकर परत येतात. शिगेकडे त्या रात्री बैठक आहे, जागा नाही. आपण आता बेघर झालो, असे म्हातारा हसत हसत म्हणतो. तोमी त्या रात्री सून नोरिकोच्या खोलीत झोपते, गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर. शुकिची गावाकडच्या जुन्या मित्रांना गाठून बेताबाहेर साके पितो. त्या बैठकीत तो जे बोलतो ते कोणत्याही डॉक्टर मुलाने ऐकण्याजोगे आहे. मुलगा टोकियोत डॉक्टर आहे म्हणून गावात आपली मान उंच होती; येथे येऊन पाहिले तर तो कुठल्याशा कोपऱ्यातील वस्तीतला साधा डॉक्टर. अपेक्षा अधिक होती. मग तोच समजूत घालतो, टोकियोत माणसेच फार झाली आहेत, काय करणार. समोरच्या मित्राचे दोन्ही मुलगे युद्धात गेले आहेत. त्यामुळे या तक्रारीला एक अवघडलेपण येते आणि ती तेथेच थांबते.

परतीच्या प्रवासासाठी टोकियो स्थानकावर मुले निरोप द्यायला येतात तेव्हा तोमी सहज म्हणते की आता सर्वांची भेट झाली, उद्या आमचे काही बरेवाईट झाले तरी एवढ्या लांब यायची गरज नाही. मुले हसण्यावारी नेतात. गाडीत तिची प्रकृती बिघडते, दोघे ओसाकाला केइझोकडे उतरतात. हे सर्व आपल्याला दिसत नाही, केइझो कचेरीतील सहकाऱ्याला सांगतो तेव्हा कळते. तेथे जरा बरे वाटल्यावर दोघे घरी जातात. आणि आई अत्यवस्थ असल्याची तार टोकियोत येऊन पोचते.

मोठ्या घटना गाळून त्यांच्या आधीचे आणि नंतरचे क्षण दाखवायचे, ही ओझू यांची रीत. कोसळणे दाखवायचे नाही. कोसळल्यानंतरची, पंख्याने वारा घालत बसलेली माणसे दाखवायची. आपल्या व्यवसायाचे दैनंदिन स्वरूप बरेचसे असेच आहे. घटना आपल्याला फारशी पाहायला मिळत नाही. आपण पोचतो तेव्हा ती घडून गेलेली असते आणि जे उरते ते वृत्तान्त म्हणून ऐकायचे असते.

ओनोमिचीच्या घरात तोमी बेशुद्ध आहे. कोइची तिच्या उशाशी बसून डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या तपासतो. मग वडिलांना आणि बहिणीला बाजूच्या खोलीत बोलावतो आणि सांगतो : लक्षण ठीक नाही, पहाटेपर्यंत राहिली तर पुष्कळ. वडील एक छोटासा उद्गार काढतात. जपानीत त्याला 'सो का' म्हणतात, म्हणजे 'असे होय'. तो उद्गार ते पुन्हा पुन्हा काढतात, जणू वाक्याचा अर्थ थोडा थोडा करून आत जाऊ देत आहेत. 'इकिरू'मधील डॉक्टर आणि हा मुलगा यांच्यात फक्त एका वर्षाचे अंतर आहे; पण वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवायचे झाले तर मी हे दुसरे दृश्य दाखवीन. कोइचीने आकडे सांगितले नाहीत, खोटी आशा दिली नाही, आणि जिला सांगायचे तिला ऐकू येण्याची वेळ टळून गेली होती. रुग्ण आई आहे म्हणून त्याचा आवाज बदलत नाही. काहींना यात त्याची शुष्कता दिसते. मला त्यात त्याची सवय दिसते, आणि स्वतःच्या आईच्या उशाशीसुद्धा ती सवय सुटत नाही याचे वाईट वाटते.

तोमी पहाटे सव्वातीनला जाते. केइझो उशिरा पोचतो. शुकिची घरात नाहीत म्हणून नोरिको शोधायला जाते, तर ते जवळच्या जोदोजी मंदिराच्या आवारात समुद्राकडे पाहत उभे असतात. सूर्योदय सुंदर झाला, आजही उकाडा होणार, असे काहीतरी ते बोलतात आणि घराकडे वळतात.

आता ज्या संवादासाठी हा लेख लिहायला घेतला तो. अंत्यविधीनंतर सर्वजण जेवायला बसले आहेत. बोलता बोलता शुकिची सांगतात की आतामीला समुद्राकाठी हिला जरा भोवळ आली होती. शिगे एकदम म्हणते, मग तुम्ही ते सांगितले का नाही, निदान दादाला तरी सांगायचे! कोइची तिला थांबवतो. त्याचे म्हणणे असे की कारण ते नसावे. आई अंगाने स्थूल होती, झटका अचानकच आला. आणि विषय तेथेच मिटतो. पुढे शिगे आईचा एक किमोनो आणि ओबी आठवणीदाखल मागून घेते, गाडीच्या वेळा पाहिल्या जातात.

हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि कोइचीबद्दल माझे मत दर वेळी तेच राहिले नाही. तो खरे बोलतो आहे काय? वैद्यकीय दृष्ट्या त्याचे बोलणे असमंजस नाही. पण हे निदान तो कोणासाठी करतो आहे? सांगितले नाही म्हणून आयुष्यभर झुरण्यापासून वडिलांना वाचवण्यासाठी, की विचारले नाही म्हणून झुरण्यापासून स्वतःला? ओझू यांनी कॅमेरा स्थिर ठेवला आहे, त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर मिळत नाही. मला आता दोन्ही खरे वाटते. आई त्याच्या घरी कित्येक दिवस राहिली. ती दवाखान्याच्या भिंतीपलीकडे झोपत होती. त्याने तिला एकदाही तपासल्याचे चित्रपटात दिसत नाही. तिनेही काही सांगितले नाही. डॉक्टर मुलाच्या आई-वडिलांचा हा जणू अलिखित नियम आहे : त्याच्यामागे आधीच इतके रुग्ण, त्यात आपली भर कशाला! ज्या समव्यवसायी मित्रांची वृद्ध मंडळी गावी एकटी राहतात, त्यांच्या आई-वडिलांच्या तक्रारी मला शेजारपाजाऱ्यांकडून आधी कळतात आणि मुलांना माझ्याकडून नंतर, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. दूरध्वनीवर ती मंडळी न चुकता 'आम्ही ठणठणीत आहोत' असेच सांगतात.

थोडे वैद्यकीय संदर्भ देतो, कारण त्यांवाचून १९५३ चा काळ समजणार नाही. जपानमध्ये दीर्घ काळ क्षयरोग हे मृत्यूचे पहिले कारण होते. १९५१ साली ती जागा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने, म्हणजे पक्षाघाताच्या झटक्याने घेतली, आणि १९८० पर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. १९८१ पासून कर्करोग पहिला आला. त्या काळच्या जपानी झटक्यांत मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण मोठे होते. सोया सॉस, मिसो, खारवलेल्या भाज्या व मासे यांतून पोटात जाणारे भरमसाट मीठ आणि त्याने चढणारा रक्तदाब हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. म्हणजे तोमीचा मृत्यू हा त्या देशातील त्या वर्षांचा सर्वांत सामान्य मृत्यू होता. तिच्या आजाराचे माझे निदान अर्थातच प्रेक्षकाचे निदान आहे.

आणि समजा कोइचीने तिचा रक्तदाब मोजला असता, तर त्याच्या हातात काय होते? थायझाइड औषधे १९५७-५८ च्या सुमारास आली. मेंदूचे सीटी स्कॅन प्रथम केले गेले ते १९७१ साली, लंडनमध्ये. त्या वर्षी उपलब्ध असलेल्या मोजक्या साधनांपैकी एक आपल्या मातीतले होते, हे येथे नमूद करायला मला आनंद वाटतो. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील लेखाने जगापुढे मांडला, आणि त्यातील रेसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे काढण्यात आले. तेव्हा कोइचीने तपासले असते तरी तोमी वाचली असती, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वडिलांनी न सांगितल्याचे किंवा मुलाने न विचारल्याचे ओझे त्यामुळे हलके होते का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

चित्रपटाच्या मांडणीविषयी थोडेसे, कारण पहिल्या अर्ध्या तासात कंटाळून उठणारे बरेच असतात. ओझू यांचा कॅमेरा जमिनीलगत असतो, तातामी चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही किंचित खाली. तो जवळजवळ हलतच नाही. दोन तास सोळा मिनिटांच्या या चित्रपटात तो सरकतो अशी जागा जेमतेम एखाद-दुसरी सापडेल. छायाचित्रकार युहारू आत्सुता यांच्यासह ओझू एकच पन्नास मिलिमीटरचे भिंग वापरत. माणसे बोलतात ती थेट आपल्याकडे पाहून बोलत आहेत असे वाटते. एक प्रसंग संपला की लगेच दुसरा सुरू होत नाही. मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी बोळकंडी, लोहमार्ग असे काही दिसते. कथेला त्यांची गरज नसते. काही समीक्षकांनी त्यांना जपानी काव्यातील 'माकुराकोतोबा', म्हणजे उशीसारख्या टेकूच्या शब्दांची उपमा दिली आहे. प्रसंग संपल्यावर त्याचे काय करायचे यासाठी प्रेक्षकाला मिळालेली ती सवड आहे, असे मी समजतो. ओनोमिचीच्या दृश्यांत समुद्रावरून जाणाऱ्या बोटीच्या यंत्राचा टकटकाट सतत ऐकू येतो. तोमी असतानाही तो येत होता, ती गेल्यावरही येतो. काळ पुढे सरकतो आहे हे सांगायला ओझू यांनी यापलीकडे फारसे काही वापरलेले नाही.

ओझू यांच्या चरित्राची येथे थोडी मदत होते. जन्म १२ डिसेंबर १९०३, मृत्यू १२ डिसेंबर १९६३; साठाव्या वाढदिवशीच कर्करोगाने गेले. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्याचा मोठा भाग ते आईबरोबर राहिले आणि त्यांच्या आधी जेमतेम दोन वर्षे, १९६२ मध्ये, आई गेली. चीनमधील युद्धात ते सैनिक म्हणून होते. कामाकुरा येथील एंगाकुजी मठातील त्यांच्या समाधिशिलेवर नाव नाही. 'मू' हे एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ शून्य, अभाव, 'नाही' असा काहीसा होतो. सहलेखक कोगो नोदा यांच्याबरोबर बसून, साके पीत, ते पटकथा लिहीत. लिओ मॅकरी यांच्या १९३७ सालच्या 'मेक वे फॉर टुमॉरो' या अमेरिकन चित्रपटाची छाया या कथेवर आहे; तो नोदांनी पाहिला होता. तेथे मुले आई-वडिलांची ताटातूट करतात आणि प्रेक्षकाला हुंदका आवरत नाही. ओझू यांनी तो हुंदका काढून टाकला. वृद्ध शुकिचीचे काम करणारे चिशू र्यू त्या वेळी अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते, हे सांगितल्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

या चित्रपटावर आपल्याकडे लिहिले-बोलले जाते ते बहुधा 'कृतघ्न मुले' या मथळ्याखाली. मला ते पटत नाही. १९४८ च्या जानेवारीपासून जपानमध्ये नवा दिवाणी कायदा लागू झाला आणि थोरल्या मुलाकडे घराण्याचे प्रमुखपद व जबाबदारी सोपवणारी जुनी 'इए' पद्धत कायद्यातून गेली. शहरे बेचिराख झाली होती, जो तो दोन खोल्यांत संसार उभा करत होता. ही मुले दुष्ट नाहीत, त्यांच्याकडे जागा नाही आणि वेळ नाही. ओसाकात ती दोघे आपसांत बोलतात की आपली मुले इतरांपेक्षा बरीच म्हणायची, आपण नशीबवान आहोत. हे उपरोधाने नाही. थोडी स्वतःची समजूत काढल्यासारखे आहे, पण पुष्कळसे खरेही आहे.

सर्वांत गुंतागुंतीची व्यक्तिरेखा नोरिकोची. सेत्सुको हारा यांनी ती साकारली आहे. रक्ताची नसलेली हीच एक सून सासू-सासऱ्यांसाठी रजा घेते, शेजारणीकडून साके उसने आणते, सासूचे खांदे चेपते. धाकटी क्योको भावंडांवर चिडते तेव्हा तीच त्यांची बाजू घेते. वय वाढले की प्रत्येकाला स्वतःचे आयुष्य होते, मीसुद्धा तशीच होईन, असे सांगते. आणि सासरे तिला चांगली म्हणतात तेव्हा ती कासावीस होऊन कबूल करते की मी चांगली नाही. हल्ली नवऱ्याची आठवण न येता दिवसच्या दिवस जातात, रात्री पडल्या पडल्या वाटते, असेच चालले तर माझे काय होणार, मन कशाची तरी वाट पाहत राहते. म्हातारा काय करतो? तिला पुन्हा लग्न कर म्हणतो, आणि तोमीचे जुने घड्याळ तिच्या हातात देतो. शोकाकुल माणसाला विसरण्याची परवानगी द्यावी लागते आणि ती मृताच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने दिली तरच चालते, हे मानसोपचाराच्या एखाद्या ग्रंथात सापडेलही. येथे ते घड्याळाच्या रूपाने सासऱ्याच्या हातून सुनेच्या हातात जाते. परतीच्या गाडीत ती ते उघडून पाहते. हारा यांनी स्वतः साठच्या दशकात चित्रपट सोडला तो कायमचा. त्याही अविवाहित होत्या. कामाकुरा येथे प्रसिद्धीपासून दूर राहून २०१५ साली, पंचाण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

शेवटी शुकिची घरात एकटे बसले आहेत. पहिल्या प्रसंगात प्रवासाची बांधाबांध चालू असताना खिडकीशी येऊन बोलणारी शेजारीण पुन्हा येते. एकट्याने दिवस फार लांब वाटतील, असे ते तिला म्हणतात. त्या पहिल्या प्रसंगात हवेची उशी कुठे ठेवली यावरून दोघांची कुरबूर झाली होती. म्हातारा बायकोवर ढकलत होता आणि उशी त्याच्याच सामानात निघाली. शेवटच्या दृश्यात ती उशी नाही, तिचा उल्लेखही नाही. पण चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना प्रथम आठवते ती उशी.

जपानमध्ये १९५० साली पासष्ट वर्षांवरील माणसे शंभरात पाच होती. आज ती सुमारे एकोणतीस आहेत. २०२१ मध्ये तेथील सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला, आणि २०२४ च्या एप्रिलपासून त्यासाठीचा कायदा अमलात आला. त्याच २०२४ सालात घरी एकट्याने राहत असताना तेथेच मरण पावलेल्या माणसांची पोलिसांनी केलेली नोंद शहात्तर हजारांवर गेली. त्यांत चारांतील तीन पासष्टीपुढचे होते. शुकिचीला निदान शेजारीण होती आणि क्योको संध्याकाळी शाळेतून घरी येणार होती.

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेतील आगीत नष्ट झाली. आज उपलब्ध आहेत त्या प्रती नंतरच्या नकलांवरून तयार केलेल्या. २०१३ साली, ओझू यांच्या जन्माला ११० वर्षे होत असताना, शोचिकू कंपनीने त्याची डिजिटल पद्धतीने दुरुस्त केलेली आवृत्ती काढली. मिळाल्यास तीच पाहावी. जुन्या प्रतींत समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे दिसतात. इंग्रजी उपशीर्षके सोपी आहेत. सव्वादोन तासांचा कार्यक्रम आहे, तेव्हा रविवारी दुपारी, घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्यासह बसावे. मध्येच रुग्णाकडून बोलावणे आले तर उठावे लागेल. त्याला इलाज नाही, कोइचीलाही नव्हता.